कुत्र्याची खाज : कारणे व काळजी

‘लूत लागलेले कुत्रे’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे तिरस्कारानेच केला जातो. वस्तुतः लूत हा औषधाने पूर्ण बरा होणारा रोग आहे. सारकॉप्टिस नावाची अतिसूक्ष्म कीड त्वचेत बोगदे पोखरून तेथे अंडी घालते. प्रथम कानांच्या कडा, कोपर व पोट येथील केस झडतात आणि प्राणी रात्रंदिवस खाजवत राहतो. अशा कुत्र्याला कुरवाळणाऱ्या मुलांच्या अंगावरही पुरळ उठू शकते. मात्र ही कीड मनुष्याच्या त्वचेत फार काळ तग धरत नाही. त्यामुळे त्या मुक्या जिवाला दगड मारून हाकलण्यापेक्षा त्याच्यावर उपचार करणे अधिक शहाणपणाचे होय.

तथापि प्रत्येक खाज म्हणजे लूत नव्हे. नेहमी आढळणारे कारण पिसवांचे आहे. काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असते. त्यांना एखादा चावाही पुरतो. कुत्रे शेपटीच्या बुडाशी खाजवत असेल, तर केसांतील काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवून पाहावेत. तांबूस डाग पसरला, तर ती रक्त शोषलेल्या पिसवांची विष्ठा समजावी. पिसवांची अंडी कुत्र्याच्या अंगावरून खाली गळतात. म्हणून केवळ कुत्र्यावर औषध घालून भागत नाही. त्याचे पोते, गोधडी गरम पाण्यात धुवावी लागते. कोशातील पिसवा कित्येक आठवडे जिवंत राहत असल्याने उपचार मध्येच सोडू नयेत.

गोचीड व बुरशी यांनीही खाज सुटते. बुरशीचा नायटा माणसालाही होतो.

अन्नाची ॲलर्जी ओळखणे मात्र कठीण. त्यासाठी पूर्वी कधीही न खाल्लेले अन्नच सुमारे 8 आठवडे द्यावे लागते. घरातील प्रत्येक जण भाकरीचा तुकडा टाकत असेल, तर ही परीक्षा कशी पार पडणार? धूळ, परागकण यांच्या ॲलर्जीत कुत्रे पंजे सतत चाटते.

जळके ऑइल, रॉकेल, फिनेल हे उपाय कटाक्षाने टाळावेत. कुत्रे अंग चाटते व विष पोटात जाते. पशुवैद्यकीय दवाखान्यात त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. निदान झाल्यावरच औषध घ्यावे. आयव्हरमेक्टिन कॉली वंशाच्या कित्येक कुत्र्यांना घातक ठरते, आणि कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध घरातील मांजराला लावल्यास त्याच्या जिवावर बेतते.