पान अर्ध्यावर का तुटते?

प्रश्न : कार्यालयातल्या जुन्या लेझर प्रिंटरवर साधे पत्र नीट छापले जाते, पण छायाचित्र असलेले मराठी पत्रक अर्ध्यावर तुटते. तीच फाइल प्रेसमध्ये उघडली की मराठीऐवजी भलतीच इंग्रजी अक्षरे दिसतात. असे का?

उत्तर : ही दुखणी दोन आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

पान तुटण्याचे कारण बहुधा मेमरी. कागद एकदा सरकू लागला की लेझर प्रिंटरला मधेच थांबता येत नाही, म्हणून पानाचे ठिपक्यांचे चित्र आधीच तयार लागते. ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, ए-फोर पानावर सुमारे साडेतीन कोटी ठिपके बसतात. एका ठिपक्याला एक बिट धरला तरी ४ एमबीहून अधिक जागा हवी. ३०० डीपीआयला याच्या पाव जागेत भागते. ॲपलच्या १९८५च्या ३०० डीपीआयच्या लेझररायटर प्रिंटरचे काम दीड एमबीत चाले, ते त्यामुळेच. पत्राच्या पानात मोकळी जागा भरपूर असल्याने त्याची माहिती आक्रसून ठेवता येते. छायाचित्र मात्र तितके आक्रसत नाही.

अक्षरांचा घोळ फॉन्टचा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट प्रेसच्या संगणकात नसला, की मूळ इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. फॉन्ट आत सामावलेली पीडीएफ द्यावी. नवा मजकूर तर युनिकोडमध्येच टाइप करावा.

मेमरीवर खर्च करण्याआधी तेच पत्रक ३०० डीपीआयवर छापून पाहावे. पूर्ण आले, तर दोष मेमरीचाच समजावा.