व्हिडिओ कॉलवर जनुकीय समुपदेशन

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघंही सिकलसेलचे वाहक आहोत. गडचिरोलीत राहतो, समुपदेशक नागपुरात आहेत. मूल हवं आहे. व्हिडिओ कॉलवर सल्ला घेतला तर चालेल का?

उत्तर : जरूर चालेल. घराण्यातल्या आजारांची माहिती आणि तपासणीचे अहवाल यांवरच हा सल्ला आधारलेला असतो. दोघांचे एचपीएलसी या रक्ततपासणीचे अहवाल आधी पाठवा आणि कॉलला दोघंही बसा. प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के असते. पहिलं मूल निरोगी झालं, तरी पुढच्या वेळी हे प्रमाण तेच राहतं. गर्भाची तपासणी मात्र रुग्णालयातच होते, साधारण अकराव्या आठवड्यापासून. म्हणून दिवस राहण्याआधीच बोलून घ्या. समुपदेशक पर्याय समजावतील. निर्णय तुम्हा दोघांचाच.