सात हाली, सहा कलदार

मानवतजवळच्या गावी आजीची लाकडी पेटी उघडली, तेव्हा लुगड्यांच्या खाली कसणीचा बटवा निघाला. त्यातली सात-आठ नाणी घेऊन भाची परभणीला मामांकडे आली. मामांना नाणी जमवण्याचा नाद जुना. त्यांनी ओट्यावर पांढरा रुमाल अंथरला, भिंग काढलं आणि बटवा त्यावर अलगद पालथा केला.

भाची : मामा, ही काळी पडलीत. आधी चिंच लावून घासून आणू का?

मामा : नको गं बाई, तेवढं करू नकोस! चांदीवर चढलेली ती काळसर झाक वर्षानुवर्षांची असते. घासलंस की तिच्यासोबत अक्षरांची धारही जाते. जाणकाराला घासलेलं नाणं लगेच कळतं आणि तो भाव पाडतो. पहिला नियम हाच, हात लावायचा तो कडेला, आणि पुसायचं काही नाही.

भाची : बरं. मग हे चारमिनारचं नाणं किती जुनं? जितकं जुनं तितकी किंमत जास्त, असंच ना?

मामा : वयावर फार थोडं असतं. दोन हजार वर्षांपूर्वीची सातवाहनांची शिशाची नाणी कमी पैशांत मिळतात, आणि शंभर वर्षांचा एखादा रुपया त्यांच्या कितीतरी पट जातो. किती शिल्लक आहेत आणि किती जणांना हवी आहेत, त्यावर भाव ठरतो. पण आधी नाणं वाचावं लागतं. घे भिंग. चारमिनारच्या मधल्या कमानीत काय दिसतं?

भाची : आकडीसारखं काहीतरी आहे.

मामा : ते अरबी ‘ऐन’ अक्षर. उस्मान अली खान, म्हणजे शेवटचे निजाम, त्यांच्या नावातलं पहिलं अक्षर. त्यांच्या आधीच्या महबूब अली खानांच्या रुपयावर तिथं ‘मीम’ असतं. आता त्याच बाजूचं साल बघ. उर्दू अक्षरं उजवीकडून वाचायची, पण आकडे आपल्यासारखेच डावीकडून.

भाची : उभी रेघ... मग दात्यांचं एक चिन्ह दोनदा... शेवटी इंग्रजी व्हीसारखं.

मामा : एक, तीन, तीन, सात. हिजरी १३३७. हिजरी वर्ष चांद्र, आपल्यापेक्षा लहान. म्हणून त्याला ०.९७ नं गुणायचं आणि ६२२ मिळवायचे.

भाची : १९१८-१९! आणि हा राजाचा मुकुटवाला रुपयाही १९१८ चाच आहे.

मामा : तो कलदार, इंग्रज सरकारचा. आणि चारमिनारचा तो हाली. आपला परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात, म्हणून घरोघरी दोन्ही असायचे. माझी आई सांगायची, बाजारात भाव ठरला की लगेच विचारायचं, ‘हाली की कलदार?’ हिशोब ठरलेला, सात हाली म्हणजे सहा कलदार.

भाची : असा वाकडा दर का? दोघंही रुपयाच ना?

मामा : त्यातली चांदी तोलून बघू या. (वजनकाटा पुढे ओढून) कलदार ठेव. ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. सराफ कलदारच वजन म्हणून वापरायचे. त्यात बारातले अकरा भाग चांदी. म्हणजे शुद्ध चांदी किती?

भाची : ...साधारण १०.६९ ग्रॅम.

मामा : आता हाली. ११.१८ ग्रॅम, आणि हजारात ८१८ भाग चांदी. म्हणजे ९.१४. याला सातानं गुण, त्याला सहानं.

भाची : ६४.०... आणि ६४.१! जवळजवळ सारखंच!

मामा : बघ. लोक रुपया मोजत नव्हते, त्यातली चांदी मोजत होते. हैदराबाद १९४८ मध्ये भारतात आलं, तरी हाली १९५९ पर्यंत व्यवहारात होता. आता तुझ्या प्रश्नाकडे ये. आजचा चांदीचा भाव घे, ९.१४ ग्रॅमला किती होतात ते काढ. नाण्याची किंमत त्याच्या खाली सहसा जात नाही. वर किती जाईल, ते साल, टांकसाळ आणि नाण्याची अवस्था ठरवते.

भाची : मग हा १९१८ चा कलदार तर शंभर वर्षांचा, तो वर जाईल?

मामा : चांदीच्या भावापेक्षा थोडाच. का, ते फार छान आहे. पहिल्या महायुद्धात चांदीचे रुपये लोकांनी घरात दाबून ठेवले, सरकारकडे चांदी उरेना. तेव्हा १९१८ मध्ये अमेरिकेनं पिटमन कायदा करून आपले पंचवीस कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी इंग्रजांना विकली. तिचे इथं रुपये पडले. तुझ्या आजीच्या रुपयात परदेशातल्या डॉलरची चांदी असू शकते. पण त्या काळात रुपये इतके पाडले की ते आजही खूप उरलेत. याउलट १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया बघ. राजाच्या वस्त्रावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला, ओरड झाली, म्हणून बहुतेक नाणी वितळवली आणि पुढच्या वर्षी हत्ती दुरुस्त केला. तो रुपया मिळाला तर सराफाकडे चांदीच्या भावात देऊ नये.

भाची : आणि हे नाणं? यावर राम, लक्ष्मण, सीता आहेत, मागे ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८ लिहिलंय. गावात एकजण म्हणाला, याला लाखो मिळतात.

मामा : कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही. ही पूजेसाठी विकायला केलेली टोकनं. तांदूळ खेचणारं तांब्याचं नाणं म्हणून जे विकतात, त्यातही नाण्याचा गुण काही नसतो, केवळ फसवणूक असते. अशा नादात शेतं विकलेले लोक मला माहीत आहेत, म्हणून एवढं पोटतिडकीनं सांगतो. फोनवर कुणी म्हणालं की तुमचं नाणं लाखात जाईल, फक्त आधी कमिशन किंवा कर भरा, तर फोन ठेवायचा. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की जुन्या नाण्यांच्या व्यवहाराशी तिचा काही संबंध नाही आणि ती असं कमिशनही घेत नाही.

भाची : मग खरी किंमत कुणाला विचारू?

मामा : आधी छापील कॅटलॉगमध्ये तुझं साल शोध. मग लिलावात तेच नाणं, त्याच अवस्थेत, कितीला गेलं ते बघ. मागितलेली किंमत पाहू नकोस, मिळालेली बघ. मुंबई-पुण्यात नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथं दोन-तीन विक्रेत्यांना दाखव. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय एकदा बघच. आणि हे शेतात नांगराला लागलं असतं, तर गोष्ट निराळी. १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे; दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. पेटीतलं घरचं ते घरचं.

भाची : या हालीला वर कडी लावलीय.

मामा : (नाणं उजेडात फिरवून) माळेत ओवायला डाग दिलाय. संग्राहक याला कमी देईल. पण कड बघ, कशी गुळगुळीत झालीय. वर्षानुवर्षं गळ्यात होतं हे. मोडीत घालायला मी सांगणार नाही.

भाची : मीही घालणार नाही. ही माळेची मी ठेवते. पण हे शेवटचं बघा, छोटं आहे, याच्या कमानीत आकडी नाही. गोल डोक्याचं आणि शेपटीचं अक्षर आहे.

मामा : मीम? थांब, भिंग दे इकडे. खिडकी उघड आधी.