हसे कोणाचे? ‘तृतीय रत्न’ आणि सत्यशोधक जलसे

उपहासामुळे लोकमत घडते, असे आपण उत्तरपत्रिकेत सहज लिहून जातो. ते कसे घडते, हे मात्र मला महात्मा जोतीराव फुले यांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक वाचल्यावर थोडेफार उमगले.

जोतीरावांनी हे नाटक १८५५ साली लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते स्वीकारले नाही. कमिटीतील भट सभासदांपुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे त्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त (१८७३) म्हटले आहे. नाटक छापून आले १९७९ साली, ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकात. मध्ये १२४ वर्षे गेली!

कथानक साधे आहे. एका कुणब्याची बायको गरोदर असते. जोशी दारात येतो, ग्रहांची भीती घालतो आणि त्या भोळ्या नवराबायकोकडून दानदक्षिणा उकळतो. पुढे एक पाद्री भेटतो, वादविवाद होतो आणि शेवटी ती दोघे रात्रीच्या शाळेत जायचे ठरवतात. पण नाटकाचा जीव आहे तो विदूषकात. संस्कृत नाटकातला विदूषक म्हणजे जातीने ब्राह्मण, राजाचा मित्र आणि खादाड. जोतीरावांनी तोच विदूषक उचलून कुणब्याच्या बाजूला उभा केला. जोशी एक बोलतो आणि विदूषक त्यातला डाव प्रेक्षकांपुढे उघडा करतो. कुणबी फसतो खरा, पण हसे होते ते जोश्याचे. कुणब्याविषयी कळकळ वाटते आणि थोडा रागही येतो, की याला कळत कसे नाही? शाळेचा रस्ता या रागातून निघतो, असे मला वाटते.

परंतु कागदावरच राहिलेले नाटक लोकांपर्यंत पोहोचणार कसे? ते काम सत्यशोधक जलशांनी केले. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात झाली, जलसे त्यानंतरचे. त्यांनी तमाशाची ढोलकी, तुणतुणे, सोंगाड्या सारे ठेवले, शृंगार गाळला आणि वगात राजाराणीच्या जागी भटजी, सावकार, कुलकर्णी व शेतकरी आणले. खेड्यातला माणूस व्याख्यानाला बसला नसता. तमाशाला तो येतच होता. शिवाय तेथे तो एकटा हसत नव्हता. ज्या सावकारापुढे एकट्याने मान वर करायची छाती नव्हती, त्याच्या सोंगाला सगळा गाव मिळून हसला. शेजारीही हसतो आहे हे दिसले की भीती उतरते. साताऱ्याकडे १९१९ ते १९२१ च्या सुमारास कुळांनी ब्राह्मण जमीनदारांविरुद्ध उठाव केला, त्या भागात हे जलसे गावोगाव फिरत होते. तो उठाव जलशांनीच घडवला असे म्हणता येणार नाही. खंड आणि कर्ज ही कारणे होतीच. शिवाय जलशातली टीका कधी कधी रूढीवरून घसरून सबंध जातीवर जाई, हेही मान्य केले पाहिजे. पुढे १९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलशातून हेच साधन अस्पृश्यतेविरुद्ध वापरले.

आता थोडे आपल्याविषयी. गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात एक प्रहसन झाले. पटका बांधलेला एक खेडूत मुलाची फी भरायला कॉलेजात येतो, ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतो, ऑफिसच्या खिडकीत डोके घालतो. सगळा हॉल हसला. मीही हसलो, आणि जरा जोरातच, कारण शेजारची मुले माझ्याकडे बघत होती. माझी फी भरायला आबा असेच आले होते. जलशात जी युक्ती होती तीच येथेही होती: सगळे हसतात म्हणून आपणही हसायचे. फक्त येथे हसे कुणब्याचे होते.

त्यानंतर आबांनी एकदा विचारले, “तुमच्या ग्यादरिंगला आमी आलं तर चालतंय का रं?” मी म्हणालो, “नको आबा, लई गर्दी असते.” प्रहसनाने माझे मत बनवलेले होते.

यंदा आम्ही चौघांनी ‘तृतीय रत्न’मधला जोश्याचा प्रवेश बसवायला घेतला आहे. विदूषक मी करणार आहे. आबांना तारीख कळवली आहे.