चाळीस शेअर आणि आईचा एक प्रश्न



बारावी वाणिज्यला 'वार्षिक सर्वसाधारण सभा' हा घटक मी कित्येक वर्षं शिकवत होते. फळ्यावर व्याख्या, मुद्दे, फरक स्पष्ट करा, झालं! मुलं पाठ करायची आणि विसरायची. खरं सांगायचं तर तेव्हा मीही अशी सभा कधी पाहिलेली नव्हती. २०१९ मध्ये माझ्या आईमुळे तो धडा मला नव्यानं शिकायला मिळाला.

बाबांनी एका मोठ्या कंपनीचे ४० शेअर दोघांच्या नावावर घेतले होते. ते गेल्यावर शेअर आईच्या एकटीच्या नावावर झाले, पण लाभांश काही येईना. जुनं बँक खातं बंद झालं होतं. नवीन खात्याची माहिती आम्ही दोनदा पत्रानं कळवली, उत्तर नाही. रक्कम फार नव्हती, पण काळजी वेगळीच होती. सलग सात वर्षं लाभांश घेतला गेला नाही, तर तो पैसा आणि ते शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. तिथून परत मिळतात, पण अर्ज आणि कागदपत्रांचा मोठा खटाटोप करावा लागतो. आमची तीन वर्षं आधीच गेली होती.

तेवढ्यात सभेची नोटीस आली. मी म्हटलं, "आई, तू कशाला दगदग करतेस? मी तुझी प्रॉक्सी म्हणून जाते आणि विचारते." मग नोटीस नीट वाचली आणि हसू आलं. मीच वर्गात सांगते ना, प्रॉक्सीला सभेत बोलता येत नाही! तो फक्त मतदान करू शकतो. म्हणजे प्रश्न विचारायचा तर आईलाच जायला हवं. सत्तरी ओलांडलेली आई, हळदीकुंकवाच्या कार्यक्रमातसुद्धा चार शब्द बोलायला लाजणारी.

आम्ही रात्री बसून प्रश्न लिहिला. पाच ओळी, मोठ्या अक्षरात. सकाळच्या गाडीनं मुंबई गाठली. दारात हजेरीची चिठ्ठी आणि ओळखपत्र पाहिलं आणि मला तिथंच थांबवलं. "फक्त भागधारक." आई एकटीच आत गेली.

दोन तासांनी बाहेर आली तेव्हा चेहरा फुललेला होता. म्हणाली, "अगं, हात वर केला, माईक आला. पाय लटपटत होते. पण मराठीतच बोलले. म्हटलं, मी तुमच्या कंपनीची चाळीस शेअरांची मालकीण आहे, माझ्या पत्रांना उत्तर का नाही?" अध्यक्षांनी तिथल्या तिथे कंपनी सेक्रेटरींना लक्ष घालायला सांगितलं. सभा संपल्यावर त्यांच्या माणसानं कागद घेतले, पोच दिली. दोन महिन्यांत तीनही वर्षांचा लाभांश खात्यात जमा झाला.

प्रत्येक वेळी असंच होईल असं नाही. सभेत विचारलं तरी लेखी तक्रार आणि तिची पोच हवीच. तरीही दाद लागली नाही तर सेबीच्या 'स्कोअर्स' या पोर्टलवर तक्रार करता येते.

मुलांना काय सांगावं?

१. कंपनी कायदा २०१३ नुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत ही सभा घ्यावी लागते. ३१ मार्चला वर्ष संपत असेल तर ३० सप्टेंबरपर्यंत. नोटीस किमान पूर्ण २१ दिवस आधी द्यावी लागते.

२. नेहमीचं कामकाज चार गोष्टींचं असतं: हिशेब मंजूर करणं, लाभांश जाहीर करणं, निवृत्त होणाऱ्या संचालकांच्या जागा भरणं आणि लेखापरीक्षकांची नेमणूक.

३. साध्या ठरावाला निम्म्याहून जास्त मतं लागतात. विशेष ठरावाला विरोधी मतांच्या निदान तिप्पट मतं बाजूनं हवीत.

४. पाच हजारांहून जास्त सभासद असलेल्या सार्वजनिक कंपनीत गणसंख्या फक्त ३० असते. मुलांना विचारा, लाखो भागधारक असताना इतकी कमी का ठेवली असेल? चर्चा छान रंगते.

५. मत माणशी नसतं, शेअरमागे असतं. म्हणून आईच्या ४० मतांनी ठराव पडणार नव्हता. पण प्रश्न विचारायचा हक्क ४० शेअरवाल्याला आणि ४० लाख शेअरवाल्याला सारखाच. मला वाटतं, या धड्याचा गाभा इथेच आहे.

२०२० पासून, कोरोनाच्या काळापासून, अनेक कंपन्या या सभा ऑनलाइन घेतात. गावात बसून सहभागी होता येतं, ही मोठी सोय. मात्र बोलायचं असेल तर बऱ्याच ठिकाणी आधी नाव नोंदवावं लागतं. ती तारीख नोटिशीतच असते, म्हणून नोटीस रद्दीत टाकू नका!

वर्गात करून पाहा

एका तासाला वर्गाचीच कंपनी करा. कागदी शेअर कमी-जास्त वाटा. अध्यक्ष, सेक्रेटरी, लेखापरीक्षक नेमा. एक ठराव मांडा, आधी हात वर करून आणि मग शेअर मोजून मतदान घ्या. दोन्ही निकाल वेगळे आले की मुलांचे डोळे विस्फारतात. शेवटी एका शेअरवाल्या मुलाला अध्यक्षांना प्रश्न विचारायला लावा. एरवी गप्प बसणारं मूल मुद्दाम निवडा.

आणि पालकहो, या रविवारी घरातलं कपाट उघडा. आईवडिलांच्या नावावरचे जुने शेअर, नॉमिनी, बँक खातं, पत्ता सगळं तपासा.

आईनं ती पाच ओळींची चिठ्ठी अजून जपून ठेवली आहे. गंमत म्हणजे, आत गेल्यावर तिनं ती उघडलीच नव्हती.