गहाण की खरेदी?

सोमेश्वरनगरला सारे कारखान्याच्या उसाच्या बिलाची वाट पाहतात. पण नड बिलाच्या आधीच उभी राहते. कुणाचा दवाखाना, कुणाच्या लेकीचे लग्न. मग सावकार गोड बोलतो, "पैसे न्या की. घराचा नुसता कागद करून द्या. पैसे फिटले की घर पुन्हा तुमच्या नावावर." आपण सही करतो. पुढे कळते, तो कागद गहाणखत नव्हता, खरेदीखत होते.

गहाणखत म्हणजे घर आपलेच, त्यावर कर्ज. खरेदीखत म्हणजे घर विकले. घर परत देण्याची अट त्याच कागदात लिहिलेली नसेल, तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा त्या खरेदीला गहाण मानत नाही. वेगळी चिठ्ठी पुरत नाही. आता आपल्याला वाचता येते. सही करण्याआधी मथळा वाचा. कोऱ्या कागदावर तर सही नकोच.

हे दुखणे जुने आहे. आपल्याच तालुक्यातल्या सुप्याला १२ मे १८७५ रोजी शेतकरी सावकारांवर उठले. कर्जरोखे जाळले. जाळपोळ काही बरी नव्हे. पण सरकारला जाग आली. १८७९ च्या कायद्याने कोर्टाला रोख्यामागचा खरा व्यवहार तपासता येऊ लागला.

मग सही होऊन गेली असेल तर? घर गेलेच असे समजू नका. एका बाईने २ हजार रुपयांच्या कर्जासाठी घराचे नावापुरते खरेदीखत करून दिले होते. तिचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. कागद निव्वळ दिखाऊ होता, असे तोंडी पुराव्याने सांगता येते, असे कोर्टाने ठरवले. बाई जिंकली.

कोर्टाखेरीज दुसरी वाट आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारीचा नवा कायदा आहे. सावकारीत घर किंवा जमीन बळकावली असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. ते दोघांचे म्हणणे ऐकतात. खात्री पटली, तर कागद रद्द ठरवून मिळकत परत द्यायचा हुकूम करतात. विनापरवाना सावकारी केली, तर ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवाना असला, तरी मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. (बँकेला हा कायदा लागत नाही. तिथली तक्रार वेगळी.)

अर्जाला मुदत असते, म्हणून दिवस घालवू नका. दस्ताची नक्कल काढा. घरपट्टीच्या पावत्या, वीजबिले जोडा. घरात आजही आपणच राहतो, हे त्यांतून दिसते. व्याज दिल्याच्या नोंदी आणि साक्षीदारांची नावेही द्या. वकिलाला पैसे नसतील, तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे वकील फुकट मिळतो, मग उत्पन्न कितीही असो.

निकाल विरुद्ध गेला, तर एका महिन्याच्या आत विभागीय सहनिबंधकांकडे अपील करता येते. म्हणून निकालाची तारीख लिहून ठेवा.