मे महिन्यात ग्राफिक्स कार्ड पळवावं का?

प्रश्न : मी पेडणे तालुक्यात, मांद्र्याला राहतो. बारावीची परीक्षा झाली. काकांनी मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून, वापरलेलं जीटीएक्स १६६० सुपर कार्ड आणून दिलंय. नवे गेम पन्नास-पंचावन्न फ्रेमवर अडकतात. मित्र म्हणतो, ओव्हरक्लॉक कर, फुकटात वेग मिळतो. घरचे म्हणतात, जळलं तर दुसरं मिळणार नाही. खरं काय? आणि करायचंच तर सुरुवात कुठून करू?
— एक विद्यार्थी, मांद्रे

उत्तर : आधी भीतीबद्दल. तुम्ही फक्त क्लॉकची पट्टी सरकवलीत आणि व्होल्टेज वाढवलं नाहीत, तर कार्ड जळण्याची शक्यता फार थोडी आहे. वेग झेपला नाही की गेम बंद पडतो, पडदा काळा होतो आणि थोड्या वेळाने डेस्कटॉप परत दिसतो. विंडोज कार्डाच्या उत्तराची साधारण दोन सेकंद वाट पाहते. उत्तर आलं नाही तर ड्रायव्हर नव्याने सुरू करते. फारच झालं तर संगणक अडकतो, बटण दाबून बंद करावा लागतो. एमएसआय आफ्टरबर्नर या मोफत सॉफ्टवेअरने केलेले बदल कार्डावर कायमचे लिहिले जात नाहीत. विंडोजबरोबर आपोआप लागू होण्याची खूण तुम्ही केली नसेल, तर संगणक पुन्हा चालू केल्यावर कार्ड मूळ वेगावर येतं. कार्डाचं बायोस बदलायला सांगणारे व्हिडिओ मात्र बघून सोडून द्या. तिथे चूक झाली तर ती बटण दाबून जात नाही.

आता ‘फुकटात वेग’. एके काळी हे खरं होतं. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर आला. मदरबोर्डवरचा बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की ३०० मेगाहर्ट्झचा हा प्रोसेसर ४५० वर धावायचा, आणि बरेच नग तो वेग बिनतक्रार पेलायचे. स्वस्तातल्या चिपमधून थेट दीडपट काम! ओव्हरक्लॉकिंगची कीर्ती अशा चिपांनी घरोघर नेली. आज तेवढी शिल्लक कंपन्या ठेवत नाहीत. एनव्हिडियाने २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० बरोबर ‘जीपीयू बूस्ट’ आणलं. तेव्हापासून कार्ड स्वतःच स्वतःला पळवतं. तुमच्या १६६० सुपरचा जाहीर बूस्ट वेग १७८५ मेगाहर्ट्झ आहे, पण हवा थंड असेल तर ते याहून वर जाताना तुम्हाला दिसेल. तापू लागलं की तेच कार्ड तेरा-पंधरा मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली उतरतं. म्हणून हाताने ओव्हरक्लॉक करून मिळणारी वाढ आज बहुधा एका आकडी टक्क्यांत असते. पंचावन्न फ्रेमचे अठ्ठावन्न-एकोणसाठ होतील. नव्वद होणार नाहीत.

आणि इथेच मांद्र्याचा प्रश्न येतो. ज्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहता, त्यांच्या खोलीत वीस-बावीस अंश तापमान असतं. मेच्या दुपारी तुमच्या खोलीत बत्तीस-तेहेतीस असणार. खोली दहा अंशांनी तापली की कार्डही जवळजवळ तेवढंच तापतं. व्हिडिओतल्या माणसाचे सत्तर अंश तुमच्याकडे ऐंशी होतात. म्हणजे त्याच्याकडे जी मोकळीक उरते, ती तुमच्याकडे उन्हाने आधीच खाल्लेली असते. गोव्यात कार्डाचा वेग वाढवायचा तर पहिली लढाई उष्णतेशी आहे, आणि ती जिंकल्याशिवाय पट्टी सरकवण्यात अर्थ नाही.

म्हणून माझा सल्ला थोडा उलटा वाटेल. सुरुवात व्होल्टेज कमी करण्यापासून करा. चिपला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग पाच टक्के आणि त्यासाठी व्होल्टेजही पाच टक्के वाढवलं, तर चिपची वीज सुमारे सोळा टक्क्यांनी वाढते. वेग तोच ठेवून व्होल्टेज दहा टक्के उतरवलं, तर ती जवळपास एकोणीस टक्क्यांनी घटते. कारखान्यातून निघताना प्रत्येक कार्डाला जरा जास्तच व्होल्टेज दिलेलं असतं, कारण सगळ्यांत कमकुवत चिपही त्यावर चालली पाहिजे. एकाच झाडाचे मानकुराद जसे सारखे नसतात, तशा एकाच कारखान्यातल्या दोन चिपाही सारख्या नसतात. तुमची चिप चांगली निघाली तर हे जादा व्होल्टेज काढून घेता येतं. कार्ड थंड राहतं, पंखे कमी ओरडतात, आणि बूस्ट खाली उतरत नाही. मेमध्ये हाच खरा फायदा.

पण कशालाही हात लावण्याआधी आहे तसं कार्ड तपासा. तुमच्या बाबतीत हे फारच गरजेचं. इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ ला थांबलं, आणि त्या कामाला जुंपलेली हजारो कार्डं जुन्या बाजारात आली. १६६० सुपर त्यांतलं एक लाडकं कार्ड होतं. अशा कार्डाची चिप बहुधा ठीक असते. मेमरी मात्र रात्रंदिवस तापलेली असते आणि पंख्यांची बेअरिंग झिजलेली असतात. युनिजिनचा हेवन किंवा सुपरपोझिशन हा बेंचमार्क अर्धा तास चालवा आणि आफ्टरबर्नरमध्ये तापमान, वेग, वॅट व पंख्याचे फेरे बघून वहीत लिहा. मूळ वेगावरच कार्ड ८३-८४ अंशांच्या पुढे जात असेल, तर ओव्हरक्लॉकिंग विसरा. आधी धूळ काढा, कॅबिनेटच्या मागे-पुढे हवा खेळती करा, गरज पडली तर म्हापशाला एखाद्या जाणत्या दुरुस्तीवाल्याकडून थर्मल पेस्ट बदलून घ्या. याने जो वेग मिळेल, तो कुठल्याही पट्टीने मिळणाऱ्या वेगाहून टिकाऊ असेल.

तापमान ताब्यात आलं की आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ एकत्र दाबा. ठिपक्यांची एक चढती रेषा दिसेल : आडवं व्होल्टेज, उभा वेग. मुख्य खिडकीतली कोअर क्लॉकची पट्टी डावीकडे नेऊन ती सगळी रेषा बरीच खाली घ्या. मग ९०० मिलिव्होल्टवरचा ठिपका उचलून साधारण १८५० मेगाहर्ट्झवर ठेवा आणि अप्लायची बरोबरची खूण दाबा. त्याच्या उजवीकडची रेषा सपाट होईल, म्हणजे कार्ड ९०० च्या वर व्होल्टेज मागणारच नाही. बेंचमार्क अर्धा तास, मग तुमचा नेहमीचा गेम एक-दोन संध्याकाळी. अडकलं तर वेग पंधरा-तीस मेगाहर्ट्झने उतरवा. नीट चाललं तर तिथेच थांबलात तरी चालेल, आणि बहुतेकांनी थांबावं असंच मला वाटतं.

तरीही ओव्हरक्लॉक करून बघायची हौस असेल, तर जरूर करा. शिकण्यासारखं खूप आहे. त्यासाठी रेषा मूळ जागी आणा. पॉवर लिमिटची पट्टी कंपनीने दिलेल्या मर्यादेपर्यंत उजवीकडे न्या, कोअर व्होल्टेजला हात लावू नका. कोअर क्लॉक २५ ने वाढवा, दहा-पंधरा मिनिटं बेंचमार्क, पुन्हा २५. एका वेळी एकच गोष्ट. कोअर आणि मेमरी एकदम वाढवलीत आणि गेम कोसळला, तर दोष कुणाचा हे कळणारच नाही. कोसळेल तिथून तीस-चाळीसने मागे या. मग कोअर मूळ वेगावर ठेवून मेमरी शंभराच्या टप्प्याने. मेमरीच्या बाबतीत एक फसगत लक्षात ठेवा : बऱ्याच नव्या कार्डांत मेमरीची चूक पकडून तोच डेटा पुन्हा पाठवण्याची सोय असते. त्यामुळे मर्यादा ओलांडली तरी गेम पडत नाही, उलट बेंचमार्कचे गुण कमी होतात. पट्टीवरच्या आकड्यावर भुलू नका, गुण घसरू लागले की दोन टप्पे मागे या. पडद्यावर रंगीत ठिपके, चौकटी किंवा लुकलुकणारे त्रिकोण दिसले तर लगेच मागे. शेवटी कोअर आणि मेमरी दोन्ही एकत्र लावून पुन्हा तपासा. निदान आठवडाभर नीट चालल्याशिवाय विंडोजबरोबर आपोआप लागू होण्याची खूण करू नका. आणि सगळी चाचणी दुपारी करा. पहाटे चार वाजता टिकलेला वेग दुपारी तीनला टिकेलच असं नाही.

तुमच्या गावाबद्दल आणखी एक. मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या पट्ट्यात वाऱ्याबरोबर मीठ येतं. धुळीत मीठ मिसळलं आणि त्यात जूनची दमट हवा आली की सर्किटवर वीजवाहक, गंजवणारा थर बसतो. कार्डाला मारणारी गोष्ट ओव्हरक्लॉकपेक्षा बहुधा ही असते. खिडकीखाली संगणक ठेवू नका, पावसाळ्यात तो आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. चालता संगणक आतून कोरडा राहतो. आणि कुणी बर्फ लावून किंवा एसीची नळी थेट कॅबिनेटमध्ये सोडून थंड करायला सांगितलं, तर ऐकू नका. पावसाळ्यात आपल्याकडे दवबिंदूच चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड होणाऱ्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी सुटतं. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनने विक्रम करणारे लोक बोर्डावर आधी पाणीरोधक लेप चढवतात. घरात तो खेळ नको.

प्रश्न : साखळीत आमचं घर खनिज वाहतुकीच्या रस्त्याला लागून आहे. मुलाने कार्डाचा वेग वाढवलाय. विजेचं बिल किती वाढेल? आग लागण्याचा धोका आहे का? संगणक उघडला की आत लाल धूळ असते, ती कशी काढावी?
— एक पालक, डिचोली तालुका

उत्तर : बिलाचा हिशेब सोपा आहे. समजा, कार्ड तीस वॅट जास्त खाऊ लागलं आणि मुलगा रोज चार तास खेळतो. महिन्याचे ३.६ युनिट. घाबरण्यासारखं नाही.

आगीचा प्रश्न तुम्ही विचारलात हे बरं केलंत, पण नजर कार्डाऐवजी पॉवर सप्लायकडे वळवा. कार्ड फार तापलं तर आधी स्वतःचा वेग कमी करतं, त्यानेही भागलं नाही तर बंद पडतं. कॅबिनेटबरोबर स्वस्तात आलेल्या बिननावाच्या पॉवर सप्लायला असं शहाणपण असेलच असं नाही. १६६० सुपरसारखं कार्ड एकटं १२५ वॅट घेतं, वर प्रोसेसर. मुलाला विचारा : पॉवर सप्लाय नामांकित कंपनीचा आहे का, किती वॅटचा आहे? कार्डाला वीज देणारा जोड पूर्ण आत बसलाय का? संगणक ढिल्या मल्टीप्लगवर तर नाही ना? आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, शक्यतो उन्हाळ्यातच. जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, पावसाळ्यात तपासलं तर हा दोष लपून राहतो.

लाल धुळीचं दुःख डिचोलीकरांना सांगायला नको. २०१२ आणि २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा ती कमी झाली होती, आता ट्रक पुन्हा धावताहेत. ही धूळ बारीक आणि जड असते, कार्डाच्या पंख्यामागच्या पातळ पत्र्यांमध्ये गच्च बसते आणि हवेची वाट अडवते. तुमच्याकडे दर दीड-दोन महिन्यांनी सफाई हवी. प्लग भिंतीतून काढा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज जाईल, संगणक बाहेर पडवीत न्या. मऊ कोरड्या ब्रशने धूळ सैल करा आणि हातातल्या ब्लोअरने उडवा. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने गरगर फिरली तर बेअरिंग खराब होतं. ओलं फडकं नको, व्हॅक्युम क्लिनरची नळी कार्डाला लावणं नको. कॅबिनेटच्या पुढे बारीक जाळी बसवा आणि ती दर आठवड्याला धुऊन, वाळवून लावा.

मुलाने वाढवलेला वेग लगेच काढून टाकायला सांगू नका. त्याला शेजारी बसवून तापमानाचा आकडा दाखवायला सांगा. खेळताना तो ऐंशीच्या आत असेल तर चालू द्या. आणि मान्सूनपूर्व गडगडाट सुरू झाला, की खेळ कितीही रंगात आलेला असो, संगणक बंद करून प्लग आणि इंटरनेटची केबल दोन्ही काढून ठेवायला लावा.